टाउन हॉलचें जोतें

वाशिष्ठीच्या कांठीं वाढलेला चिपळूणकर कोणतीहि इमारत पाहतो ती जोत्यापासून. पुराचें पाणी येथवर चढेल काय, हा त्याचा पहिला प्रश्न. त्याच नजरेनें आज आपण मुंबईच्या जुन्या टाउन हॉलाकडे पाहूं. कारण त्या वास्तूशीं चिपळूण तालुक्याचा मोठा ऋणानुबंध आहे.

सन १८०४ मध्यें सर जेम्स मॅकिंटॉश यांनीं मुंबईंत एक विद्वत्सभा स्थापिली. तिच्या ग्रंथांसाठीं व नगरांतील सभासमारंभांसाठीं एक भव्य वास्तु असावी, ही कल्पना १८११ च्या सुमारास निघाली. पैशासाठीं सोडत काढण्यांत आली; पण रक्कम पुरली नाहीं आणि काम वर्षानुवर्षें रेंगाळलें. अखेर कंपनी सरकारनें उरलेला भार उचलला, आणि कर्नल टॉमस कौपर यांच्या आराखड्यानुसार ही इमारत १८३३ सालीं पुरी झाली.

तिचें रूप प्राचीन ग्रीक देवालयाचें आहे. समोर डोरिक पद्धतीचे आठ स्तंभ, त्यांवर त्रिकोणी शिखर, आणि रस्त्यापासून वर नेणाऱ्या तीस पायऱ्या. खिडक्यांवर मात्र पुढें झुकलेलीं आच्छादनें आहेत. ऊन आणि पाऊस ग्रीसचा नव्हे, मुंबईचा होता!

इंग्लंडांत टाउन हॉल म्हणजे गांवकऱ्यांनीं आपला कारभार पाहण्याची जागा. आमच्याकडे नांव आलें. अर्थ मागाहून यावयाचा होता. १ नोव्हेंबर १८५८ रोजीं याच पायऱ्यांवरून राणीचा जाहीरनामा वाचला गेला. वाचणारे वर, ऐकणारे खालीं. त्या उंच जोत्याचा तेव्हांचा अर्थ हाच होता.

विद्वत्सभेंतहि प्रथम हिंदी मनुष्यास प्रवेश नव्हता. माणेकजी करसेटजी हे १८४० सालीं तिचे पहिले हिंदी सभासद झाले. पुढें नाना शंकरशेट यांचा पुतळा त्याच वास्तूंत, गव्हर्नरांच्या पुतळ्यांच्या पंक्तीस बसला. पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या, चढणारे बदलले.

त्या चढणाऱ्यांत एक आमचे होते. पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० सालीं चिपळुणाजवळच्या पेढें-परशुराम परिसरांतला. मुंबईंत वकिली सांभाळून त्यांनीं धर्मशास्त्राचा इतिहास लिहिण्यास घेतला, आणि त्यासाठीं याच वास्तूंतील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयांत दीर्घकाल अध्ययन केलें. पहिला खंड १९३० मध्यें निघाला, शेवटचा १९६२ मध्यें. १९६३ सालीं त्यांस भारतरत्न मिळालें. राज्यकर्त्यांच्या दिमाखासाठीं उभारलेल्या वास्तूनें असें काम पुरें होतांना पाहावें, याहून तिचें मोठें सार्थक कोणतें ?

आतां पुन्हां चिपळुणास येऊं. येथें डोरिक स्तंभ नाहींत; पण १८६४ सालीं स्थापन झालेलें एक वाचनालय आहे. आज तें लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर या नांवानें ओळखलें जातें. २०१३ सालचें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच्याच पुढाकारानें चिपळुणांत भरलें. परंतु २२ जुलै २०२१ च्या महापुरांत वाशिष्ठी शहरांत शिरली, आणि या वाचनालयाचे ग्रंथ चिखलांत भिजले. जुनें पुस्तक एकदां भिजलें कीं कपड्यासारखें वाळवून पुन्हां वापरतां येत नाहीं. पानें एकमेकांस चिकटतात, बुरशी धरते, आणि पुष्कळदां दुसरी प्रत कोठेंच मिळत नाहीं.

म्हणून मुंबईच्या त्या पायऱ्या पाहतांना मनांत येतें, कीं सत्तेनें दिमाखासाठीं बांधलेलें उंच जोतें शेवटीं ग्रंथांच्या उपयोगी पडलें. आपल्या गांवचीं वाचनालयें आपण स्वतःच बांधलीं. मग त्यांतील ग्रंथांना तेवढी उंची मिळवून देणें हेंहि आपलेंच काम नव्हे काय?