वारणेचा तह : विभक्त राज्यातील समेटाचे स्वरूप

वारणेचा तह (इ. स. १७३१) हा शाहू छत्रपतींच्या औदार्याचा दाखला म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. औदार्य होते, यात शंका नाही. परंतु केवळ त्याच्या बळावर चोवीस वर्षांची यादवी मिटली असे मानल्यास तहाची कलमे वाचण्याचे प्रयोजनच उरत नाही. समेट आणि वाटाघाटी यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने ती नऊ कलमे आधी वाचावीत. औदार्याचा विचार मागाहून करावा.

१२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडच्या लढाईत ताराबाईंचा पक्ष हरला आणि पुढे पन्हाळा-कोल्हापूर येथे दुसरी गादी उभी राहिली. १७१४ मध्ये तेथेही सत्तांतर होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. ही फूट राजघराण्यापुरती मात्र राहिली नाही. देशमुख, वतनदार, सरदार या सर्वांना आता दोन धनी लाभले होते. एकाकडून इनाम मिळाले नाही, तर दुसऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी होती. कोल्हापूर दरबारात रचल्या गेलेल्या ‘आज्ञापत्रा’ने वतनदारांविषयी जी सावधगिरी सुचविली, तिची निकड या परिस्थितीत सहज ध्यानी येते. भांडण चालू राहण्यात ज्यांचे हित गुंतले होते, ते सर्वच काही शत्रू नव्हते.

शत्रूनेही संधी साधली. मराठ्यांचा खरा छत्रपती कोण हे ठरेपर्यंत चौथ कोणाला द्यावी, असा प्रश्न निजामाने उपस्थित केला. मध्यस्थाचा आव आणणाऱ्या या निजामाशी १७२७ मध्ये संभाजींनी हातमिळवणी केली. पालखेड येथे (फेब्रुवारी १७२८) बाजीरावाने त्याला कोंडीत पकडले आणि मुंगी-शेवगावच्या तहाने निजामाला संभाजींचा पक्ष सोडावा लागला.

१७३० मध्ये वारणाकाठी संभाजींच्या छावणीचा पाडाव होऊन ताराबाई, जिजाबाई आदी राजस्त्रिया शाहूंच्या हाती लागल्या. यानंतरच्या घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. शाहूंनी त्यांना ओलीस ठेवून अटी मांडल्या नाहीत. त्यांची सन्मानाने परत पाठवणी करण्याचे ठरविले. ताराबाई मात्र गेल्या नाहीत. कोठेही गेले तरी कैदच, असे म्हणून त्या साताऱ्यास राहिल्या. १७३१ च्या आरंभी कऱ्हाडजवळ जखिणवाडी येथे दोघा चुलतबंधूंची भेट झाली आणि १३ एप्रिल रोजी तह ठरला.

तहाने वारणेच्या दक्षिणेचा मुलूख, कृष्णा-तुंगभद्रा संगमापर्यंत, कोल्हापूरकडे दिला. रत्नागिरी शाहूंना आणि त्याबदली कोपळ संभाजींना मिळाले. वडगावचे ठाणे पाडावयाचे ठरले. तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत जे जिंकले जाईल ते निम्मे-निम्मे वाटून घ्यावयाचे, म्हणजे जे अद्याप कोणाच्याच हाती नव्हते त्याचीही वाटणी आधीच झाली! तथापि सर्वांत मर्मग्राही कलम नोकरांविषयीचे आहे: एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत. नदीने मुलखाची हद्द आखली, तर या कलमाने स्वामिनिष्ठेची. रुसलेल्या सरदाराची वाट येथे, निदान कागदावर, बंद झाली. हा तह बरोबरीचा नव्हता. एकाचा वैरी तो दुसऱ्याचाही वैरी या कलमाने कोल्हापूरचे परराष्ट्र-स्वातंत्र्य संकुचित झाले. तरीही कोल्हापूरचे राज्य टिकले, आणि वारणेची सीमा मान्य झाली.

वारसाचा प्रश्न या तहाने सोडविला नाही. शाहूंना पुत्र नव्हता. पुढे १७४० मध्ये नानासाहेब पेशव्याने संभाजींशी गुप्त करार केला. शाहूंच्या पश्चात दोन्ही गाद्या एक व्हाव्यात, असा त्याचा आशय होता. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू निवर्तले, तेव्हा तो करार बाजूला राहिला आणि रामराजा साताऱ्याच्या गादीवर आला. आपला नातू म्हणून त्याला पुढे आणणाऱ्या ताराबाई होत्या; १७३० मध्ये साताऱ्याहून परत जाण्यास ज्यांनी नकार दिला होता, त्याच.