फ्रोजन योगर्ट : दह्याच्या पुण्याईवर चाललेले दुकान



माझे एक जुने रुग्ण आहेत, सत्तरीकडे झुकलेले. बारा वर्षांपासून मधुमेह. गोळ्या वेळेवर, चालणे नियमित, आइस्क्रीम पूर्ण बंद. तरी गेल्या उन्हाळ्यात त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर चांगलीच वाढलेली दिसली. खोदून विचारल्यावर कळले, की दर शनिवार-रविवारी नातवंडांना घेऊन ते जवळच्या फ्रोजन योगर्टच्या दुकानात जात होते. "डॉक्टर, ते आइस्क्रीम नाही हो, दही आहे. दही चालतं असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मी सांगितले होते, हे खरेच. पण मी म्हटले ते घरी लावलेले दही, आणि त्या कपात होते ते वेगळेच. ही गल्लत त्यांच्या एकट्याची नाही. तिच्यामागे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे.

दही औषधाच्या दुकानात

आपल्याकडे दही रोजच्या पानातले. पश्चिम युरोपात मात्र ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाजले ते औषध म्हणून. १९०५ मध्ये स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन डॉक्टरने जिनिव्हात काम करताना बल्गेरियन दह्यातला एक जिवाणू ओळखला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञ एली मेच्निकॉफ यांनी त्यावरून एक कल्पना मांडली. आतड्यातील घातक जंतूंमुळे म्हातारपण लवकर येते आणि दह्यातले जिवाणू त्यांना रोखतात, असे त्यांचे म्हणणे होते. मेच्निकॉफ यांना १९०८ मध्ये नोबेल मिळाले, ते पांढऱ्या पेशींच्या कामासाठी. दह्याने आयुष्य वाढते हे काही त्यांनी सिद्ध केले नव्हते. पण एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द म्हटल्यावर लोकांनी तो उचलून धरला.

१९१९ मध्ये आयझॅक कारासो यांनी बार्सिलोनात दही बनवायला सुरुवात केली आणि मुलाच्या लाडक्या नावावरून त्याला 'दानोन' म्हटले. हे दही सुरुवातीला औषधांच्या दुकानांतून विकले जाई. दह्याला 'आरोग्याचे' वलय मिळाले ते असे. पुढची सगळी कथा या वलयावर चालते.

"हे दही असूच शकत नाही!"

१९७० च्या दशकात अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागातल्या एच. पी. हूड या दुग्ध कंपनीने दही गोठवून, यंत्रातून मऊ गोळ्यासारखे काढून विकायला आणले. नाव ठेवले 'फ्रोगर्ट'. ग्राहकांची तक्रार आली, की याला दह्याचीच चव लागते! मग उद्योगाने आंबटपणा कमी केला आणि गोडी वाढवली.

१९८१ मध्ये आर्कान्सामधील लिटल रॉक येथे फ्रँक हिकिंगबॉथम यांनी 'टीसीबीवाय' हे दुकान काढले. या अक्षरांचा मूळ अर्थ होता, 'हे दही असूच शकत नाही'. त्याआधी १९७७ पासून डॅलसमध्ये एक दुकान होते, त्याचे नाव 'हे दही आहे यावर विश्वास बसत नाही' अशा अर्थाचे. त्यांनी नावावरून दावा लावला, म्हणून टीसीबीवायने अक्षरे तीच ठेवून अर्थ 'देशातले सर्वोत्तम दही' असा केला. गंमत पाहा : दोन्ही दुकानांची बढाई एकच, की आमचे दही दह्यासारखे लागत नाही. म्हणजे नाव दह्याचे आणि चव आइस्क्रीमची.

हा धंदा फोफावला याचे एक कारण आम्हा डॉक्टरांकडेही जाते. त्या काळात वैद्यकीय सल्ल्याचा सारा रोख चरबीवर होता. चरबी कमी म्हणजे पदार्थ चांगला, असा सोपा हिशेब लोकांनी केला. चरबी काढली की चव जाते आणि ती परत आणायची तर साखर घालावी लागते, याकडे कुणाचे फारसे लक्ष नव्हते. १९९३ मध्ये 'साइनफेल्ड' या गाजलेल्या अमेरिकी विनोदी मालिकेचा एक भागच यावर निघाला. 'बिनचरबीचे' फ्रोजन योगर्ट मनसोक्त खाणाऱ्या मित्रांचे वजन वाढते, आणि तपासणी केल्यावर त्यात चरबी निघते!

पुन्हा आंबट

ती लाट ओसरली आणि २००५ मध्ये नवी आली. लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट हॉलीवूडमध्ये 'पिंकबेरी' सुरू झाले. या वेळी चव मुद्दाम आंबट आणि वर ताजी फळे. लोक रांगा लावू लागले. पण २००७ मध्ये प्रश्न उभा राहिला, की याला कायद्याने योगर्ट म्हणता येते का? प्रकरण न्यायालयात गेले. २००८ मध्ये कंपनीने साडेसात लाख डॉलर धर्मादाय संस्थांना देऊन तडजोड केली. त्याच सुमारास स्वतः कप भरून वजनावर पैसे देण्याची दुकाने वाढली. कप मोठा, नळ आपल्या हातात आणि पुढे टॉपिंगची रांग. मग कप अर्धा भरून कोण थांबणार?

२०१० च्या आगेमागे ही दुकाने दिल्ली-मुंबईत आली. आपल्याला हा पदार्थ तसा परका नव्हता. चक्का, साखर, वेलची घालून थंड केलेले श्रीखंड आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो. फरक इतकाच, की श्रीखंडाला पथ्याचा पदार्थ कुणी म्हटले नाही. ते पक्वान्न आहे हे आजीलाही ठाऊक होते.

मग त्यात असते काय?

*साखर :* घरच्या साध्या १०० ग्रॅम दह्यात साखर चार ग्रॅमच्या आसपास, तीही दुधाचीच. तेवढ्याच फ्रोजन योगर्टमध्ये ती साधारण २० ग्रॅम असते. म्हणजे १५० ग्रॅमच्या कपात तीसेक ग्रॅम. दुधातली साखर वजा केली तरी वरून घातलेली चार-पाच चमचे उरतेच. चॉकलेट, जेली, सिरप यांचा हिशेब वेगळा.

*जिवाणू :* गोठवल्याने बरेचसे जिवाणू मरत नाहीत, सुस्त होतात. पण विरजल्यानंतर मिश्रण तापवले असेल तर ते मरतात. अमेरिकेतील उद्योगाच्या 'जिवंत जिवाणू' शिक्क्यासाठी साध्या योगर्टमध्ये ग्रॅमला दहा कोटी जिवाणू लागत, गोठवलेल्यात एक कोटी पुरत. म्हणून 'पोटासाठी' हे खाऊ नका. त्यासाठी घरचे ताक आहे.

दुकान निवडताना

- दर्शनी भागात परवाना आणि पदार्थांची माहिती आहे का, ते पाहा. पीठ पाण्यात कालवतात की दही वापरतात, ते विचारा. विचारल्यावर चिडणारे दुकान सोडा.
- यंत्र रोज उघडून धुतात का, हे विचारायला लाजू नका. नळाच्या तोंडाशी वाळलेले थर दिसले तर परत फिरा. थंडीने जंतू मरतातच असे नाही. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी अशा यंत्रातले पदार्थ टाळलेलेच बरे.
- साधी आंबट चव, सर्वांत लहान कप आणि वर कापलेली फळे घ्या.
- मधुमेह असेल तर ते गोड म्हणूनच मोजा. नातवंडांच्या कपातले दोन चमचे पुरे.

आमच्या आजोबांना मी दुकान बंद करायला सांगितले नाही. नातवंडांबरोबरचा तो तास त्यांच्या तब्येतीला हवाच आहे. आता ते महिन्यातून एकदा जातात, एक लहान कप आजीबरोबर वाटून घेतात आणि जाता-येता चालतात. पुढच्या तपासणीत साखर खाली आली होती.

खा, पण गोड आहे हे ओळखून खा. नावात दही असले म्हणून ते पथ्याचे होत नाही.