फुप्फुसाचा कर्करोग

श्वासनलिका किंवा वायुकोश यांच्या अस्तरातील पेशी बेसुमार वाढून होणारा रोग. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे दोन मुख्य गट पडतात. सुमारे १५ टक्के रुग्णांत आढळणारा लघुपेशी प्रकार बहुतेक धूम्रपान करणाऱ्यांनाच होतो आणि झपाट्याने पसरतो. बाकीचे रुग्ण अलघुपेशी गटातले. त्यातील ॲडेनोकार्सिनोमा हा उपप्रकार आज सर्वाधिक दिसतो.

विडी-सिगारेट हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधील रुग्णालयांतून गोळा केलेल्या माहितीच्या आधारे १९५० मध्ये हा संबंध दाखवून दिला. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज खोटा आहे. मात्र भारतात, विशेषतः स्त्रियांमध्ये, आयुष्यात कधीही धूम्रपान न केलेले रुग्णही पुष्कळ आढळतात. चुलीचा धूर, घरातील दुसऱ्याच्या विडीचा धूर, ॲस्बेस्टॉस, रेडॉन वायू आणि शहरातील दूषित हवा ही इतर ज्ञात कारणे. ‘मी तर कधी ओढली नाही’ म्हणून लांबलेला खोकला अंगावर काढू नये.

रोग सुरुवातीला बहुधा मुका असतो. पुढे खोकला हटत नाही किंवा जुन्या खोकल्याचा बाज बदलतो, थुंकीतून रक्त पडते, धाप लागते, वजन उतरते. काही खुणा छातीपासून दूरच्या वाटतात. स्वरयंत्राकडे जाणारी नस दबली की आवाज बसतो. फुप्फुसाच्या टोकाशी गाठ असली तर खांदा आणि हात दुखतो, आणि रुग्ण हाडांच्या डॉक्टरकडे फेऱ्या मारत राहतो. चेहरा व मान सुजणे, बोटांची टोके फुगून नखे गोलसर होणे, हेही दिसते.

भारतात निदान अडते ते मुख्यतः क्षयापाशी. खोकला, रक्त, ताप, वजन घटणे ही क्षयाचीही लक्षणे. त्यामुळे एक्स-रेवर डाग दिसला की थुंकीत जंतू सापडले नसतानाही अनेकदा क्षयाची औषधे सुरू होतात. सहा महिन्यांचा कोर्स संपेपर्यंत शस्त्रक्रियेने निघू शकली असती अशी गाठ हाताबाहेर जाते. हा उशीर टाळता येतो. सकाळचा खोल खोकून काढलेला बेडका तपासावा, सीबीनॅट ही क्षयजंतू शोधणारी जनुकीय चाचणी करावी. जंतू मिळाले नाहीत, किंवा एक-दोन महिने औषध घेऊनही डाग तसाच राहिला, तर सीटी स्कॅन करून घ्यावा. जुने एक्स-रे जपून ठेवावेत: वर्षापूर्वीच्या फिल्मशेजारी नवी धरली की डाग जुन्या क्षयाचा व्रण आहे की वाढणारी गाठ, याचा अंदाज येतो. दोन्ही रोग एकाच रुग्णात असू शकतात, हेही ध्यानात ठेवायला हवे.

पक्के निदान बायोप्सीनेच होते. गाठीचा तुकडा दुर्बिणीतून किंवा सीटीच्या मदतीने बाहेरून सुई घालून घेतात. छातीत पाणी झाले असेल तर ते काढून त्यातल्या पेशी तपासतात. ‘सुई लावली की गाठ पसरते’ या भीतीने कित्येक कुटुंबे ही तपासणी लांबवतात. ती भीती अनाठायी आहे. तपासणीविना गेलेला वेळच खरे नुकसान करतो. त्यानंतर पेट-सीटी आणि मेंदूचा एमआरआय यांवरून रोगाचा टप्पा ठरतो. धूम्रपान दीर्घकाळ केलेल्यांचा दरवर्षी कमी मात्रेचा सीटी काढल्यास या रोगाने होणारे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले.

गाठ मर्यादित असेल तर फुप्फुसाचा तो खंड काढून टाकतात. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर नेमक्या जागी किरणोपचार देतात. आसपासच्या लसिकाग्रंथींत पसरलेल्या रोगाला केमो आणि किरणोपचार एकत्र. लघुपेशी प्रकाराचा मुख्य उपचारही केमोच.

दूरवर पसरलेल्या ॲडेनोकार्सिनोमात उपचारांपूर्वी जनुकीय तपासणी झालीच पाहिजे. भारतातील अशा सुमारे पाव रुग्णांत ईजीएफआर जनुकात बदल आढळतो आणि त्यांना जेफिटिनिबसारख्या गोळ्या लागू पडतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ३५० रुग्णांवर केलेल्या चाचणीत, नुसत्या जेफिटिनिबने सरासरी ८ महिने आटोक्यात राहणारा रोग सोबत केमो दिल्यावर १६ महिने आटोक्यात राहिला; हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. असा बदल नसलेल्यांना इम्युनोथेरपी उपयोगी पडते, पण तिचा खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे.

वेदना, धाप आणि मनाची घालमेल यांवरचे उपशामक उपचार शेवटच्या आठवड्यांसाठी राखून ठेवू नयेत. २०१० मधील एका अमेरिकी अभ्यासात, निदानानंतर लगेच ते मिळू लागलेले रुग्ण अधिक सुखाने जगलेच, शिवाय इतरांपेक्षा सुमारे पावणेतीन महिने जास्त जगले.