कानाला दीर्घ, कागदावर ऱ्हस्व

'गूण', 'वीष', 'मधूर' हे शब्द वहीत लाल शाईने खोडले नाहीत असा मराठीचा शिक्षक विरळाच. पण 'गुण' आणि 'खूण' एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून पाहा. दोन्ही उकारांत कानाला फरक जाणवतो का? आम्हाला तरी जाणवत नाही. मराठीत शब्दाच्या शेवटी व्यंजन ऐकू येत असेल, तर त्याआधीचा इकार-उकार बोलताना आपोआप लांबतो. प्रत्यय लागला की शब्दाची घडण बदलते आणि तोच स्वर आखूड होतो : फूल-फुलाला, गरीब-गरिबाला. उंदरासारख्या शब्दात तर तो नाहीसाच होतो!

मग 'गुण' ऱ्हस्व का? तो तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द म्हणून. 'शरीर'ही तत्सम, त्यामुळे 'शरीराला' लिहिताना री दीर्घच राहते, मग तोंडाने आपण काहीही म्हणत असू.

पेशवाईचा कारभार मोडीत चाले, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. कारकुनाला हा प्रश्नच नव्हता. एकोणिसाव्या शतकात बाळबोध लिपीत पुस्तके छापली जाऊ लागली. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश आला, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण. शाळांसाठी एकसारखी पुस्तके हवीत तर प्रत्येक शब्दाचे एकच रूप ठरवणे भाग होते, आणि त्यासाठी संस्कृतचे माप हाताशी तयार होते.

त्याच ओघात न ऐकू येणारे अनुस्वारही रुळले. 'ग्राम'मधल्या 'म'ची खूण 'गांव'मध्ये, 'पञ्च'मधल्या 'ञ'ची 'पांच'मध्ये. हे अनुस्वार निव्वळ पांडित्य नव्हते. कोंकणीत तो नाकातला उच्चार आजही ऐकू येतो. पुण्याकडच्या बोलण्यातून मात्र तो गेला होता, आणि मुले अनुस्वार घोकत होती.

मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले. १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. न उच्चारलेले अनुस्वार गेले. अनेकवचनाचा तेवढा राहिला, म्हणून 'घरात' म्हणजे एका घरात, 'घरांत' म्हणजे अनेक. 'कवि'चे 'कवी' झाले, कारण शब्दाच्या शेवटी आपण दीर्घच बोलतो. पण समासात 'कविकुल' ऱ्हस्वच ठेवले. म्हणजे शब्दाच्या शेवटी कानाचा कौल आणि शब्दाच्या पोटात कुळाचा! आमच्या मते ही तडजोड अर्धीच राहिली. पाचवीतल्या मुलाने शब्दाची वंशावळ कोठून आणावी?

तोवर वह्या तपासताना एक करता येईल. 'गूण' आणि 'फूलाला' या दोन्ही चुकांना आपण सारखाच अर्धा गुण कापतो, पण त्या एका जातीच्या नाहीत. 'गूण' लिहिणारा मुलगा कानाशी प्रामाणिक आहे. 'फूलाला' लिहिणाऱ्याने कानाकडे लक्षच दिलेले नाही. त्याने 'फूल' हा शब्द ओळखीच्या रूपात अखंड ठेवला आणि पुढे प्रत्यय जोडला. पहिल्याला तत्सम शब्दांची ओळख करून द्यावी लागेल. दुसऱ्याला 'फुलाला' नुसते मोठ्याने म्हणायला सांगितले तरी बहुधा पुरेल.