आरामखुर्चीतून उठलेले रुग्ण

डॉ. एडवर्ड ट्रूडो यांनी १८८४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सॅरनॅक लेक इथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम स्थापन केले. कडाक्याच्या थंडीत घोंगड्या पांघरून उघड्या सज्जातल्या आरामखुर्चीवर तासन्‌तास पडून राहायचे, हा तिथला मुख्य उपचार. स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत खात्रीचे औषध नव्हते, म्हणून ट्रूडोंना दोष देण्यात अर्थ नाही. चूक पुढे झाली. तीच विश्रांती धापेच्या जुन्या विकाराने गांजलेल्या म्हाताऱ्यांच्याही माथी मारली गेली. दम लागतो म्हणून बसायचे, बसून मांड्या वाळायच्या, मग चार पावलांतही तोल जायचा.

१९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ॲल्व्हन बाराक यांनी ऑक्सिजन लावून रुग्णांना चालवण्याचा आग्रह धरला. पुढच्या दशकात डेन्व्हरला टॉमस पेटींनी सोबत नेता येणारा ऑक्सिजन आणि व्यायाम यांची घडी बसवली. व्यायामाने फुप्फुस सुधारत नाही, हा आक्षेप खराच. पण पाय सुधारतात, आणि कसलेल्या स्नायूंना त्याच कामाला कमी श्वास पुरतो. म्हातारा पडेल, ही भीतीही खोटी नाही. पण खुर्चीत बसून ती वाढतेच. उपाय साधा आहे: कठड्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे, तेही कुणाच्या तरी देखरेखीखाली. अमेरिकेतल्या वृद्धांच्या मेडिकेअर विम्यात अशा फुप्फुस-पुनर्वसनाला स्वतंत्र स्थान मिळायला मात्र २०१० उजाडावे लागले.