चष्मा, शिव्या आणि पहिला नंबर

परवा रविवारी डोंबिवलीला मामाकडे गेलो होतो. मामाचं चष्म्याचं दुकान आहे, गेली सव्वीस वर्षं. जेवणं झाल्यावर मामाने मोबाईल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाचा तरी मेसेज होता: पन्नास रिव्ह्यू, सगळे पाच तारे, गूगलवर दुकान वर आणण्याची हमी.

"तू कॉम्प्युटरवाला ना? सांग, घेऊ का?"

प्रश्न गमतीचा नव्हता. त्याच रस्त्यावर एका मोठ्या साखळीची शाखा उघडली आहे. त्यांचे रिव्ह्यू चारशेच्या वर, मामाचे नऊ. त्यातला एक माझा, एक बायकोचा :) हल्ली नवीन गिऱ्हाईक पाटी वाचत येत नाही, फोनवर शोधून येतं. आणि मामाच्या दुकानावर त्याच्या घराशिवाय आणखी दोन माणसांची घरं चालतात.

मी लगेच हो-नाही म्हटलं नाही. एक गोष्ट सांगितली. तीही चष्म्याच्या दुकानाचीच. मामा अर्ध्यात पेंगायला लागला, म्हणून मंडळी, आता तुम्ही ऐका.

१९९८ साली स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली. तिचा गाभा साधा: एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली की ते एक मत. आणि ज्याला स्वतःला भरपूर मतं आहेत, त्याच्या मताला जास्त वजन. कल्पना भन्नाटच होती. पण या मतपेटीत एक भोक होतं. मत कौतुकाचं आहे की शिव्यांचं, हे पेटीला कळत नव्हतं.

आता २०१० साल. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये विटाली बोर्कर नावाचा गृहस्थ 'डेकॉरमायआइज' ही साइट चालवून ब्रँडेड चष्मे विकायचा. गिऱ्हाइकाने माल खोटा आहे, पैसे जास्त कापले, अशी तक्रार केली की हा शिवीगाळ करायचा, धमक्या द्यायचा. चिडलेली मंडळी तक्रारींच्या साइटवर जाऊन पानंच्या पानं लिहायची. आणि हा पठ्ठ्या खूष! जितक्या तक्रारी, तितका गूगलवर वर, तितका धंदा जास्त, असं तो उघडपणे सांगायचा. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हे सगळं छापलं आणि एकच गदारोळ झाला.

काही दिवसांतच, १ डिसेंबरला, गूगलच्या अमित सिंघल यांनी उत्तर लिहिलं. ते आम्हा प्रोग्रामर लोकांनी मुद्दाम वाचावं असं आहे. पहिला उपाय सरळ होता: या एका साइटला बंदी घाला. पण मग दुसरा बोर्कर उगवेल, त्याचं काय? दुसरा उपाय: ज्याच्याबद्दल वाईट लिहिलंय त्याला खाली ढकला. पण मग कित्येक लोकप्रतिनिधी शोधात सापडणारच नाहीत! शेवटी त्यांनी गिऱ्हाइकाला फारच वाईट वागवणारे शेकडो दुकानदार ओळखणारा अल्गोरिदम बसवला. तो नेमका कसा चालतो हे मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पळवाट निघाली असती.

आणखी एक गंमत. अनेक नामांकित रिव्ह्यू साइट लिंकवर 'नोफॉलो'चा शिक्का मारतात. २००५ साली आलेल्या या शिक्क्याचा अर्थ, 'हे मत मोजू नका'. म्हणजे बोर्करचा सिद्धांत त्याला वाटत होता तितका खरा नव्हताच. त्याच्याकडे येणाऱ्या काही वजनदार लिंक चक्क मोठ्या बातम्यांच्या साइटवरून होत्या. पुढे बोर्करने गुन्हा कबूल केला आणि २०१२ साली त्याला चार वर्षांची शिक्षा झाली.

यानंतर खेळ उलटा झाला. वाईट रिव्ह्यूचा फायदा संपला, चांगल्याचा भाव वाढला. २०११ साली हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी सिअ‍ॅटलची रेस्टॉरंट आणि येल्पचे तारे ताडून पाहिले. एक तारा वाढला तर उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, असं निघालं. पण हा फायदा स्वतंत्र हॉटेलांना होता, साखळ्यांना नाही. साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. छोट्याची ओळख म्हणजे त्याचे तारे. (हे ऐकून मामा जागा झाला.)

आता जिथे पैसा तिथे भेसळ आलीच. न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या लोकांनी ब्रुकलिनमधल्या दह्याच्या दुकानाचे मालक असल्याचं सोंग घेतलं आणि 'गूगलवर वर आणून देतो' म्हणणाऱ्या कंपन्यांना फोन लावले. काहींनी खोटे रिव्ह्यूही देऊ केले, जणू कढीपत्ता फुकट! लिहिणारे होते बांगलादेश, फिलिपाइन्स, पूर्व युरोपात, दर रिव्ह्यूमागे १ ते १० डॉलर. सप्टेंबर २०१३ मध्ये १९ कंपन्यांना मिळून साडेतीन लाख डॉलरच्या वर दंड झाला. भारतातही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानक आलं, आयएस १९०००.

"म्हणजे घ्यायचे नाहीत," मामा म्हणाला. "मग करायचं काय?"

गूगल स्वतःच सांगतं की आसपासच्या दुकानांचा क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक. रिव्ह्यूंची संख्या आणि तारे तिसऱ्यात मोजले जातात. अंतर आपल्या हातात नाही. पण मामाने दुकानाच्या माहितीत 'ऑप्टिकल्स' एवढंच लिहिलं होतं, वेळ चुकीची, फोटो एकही नाही. ते तासाभरात झालं. मग काउंटरवर क्यूआर कोड ठेवला. चष्मा घ्यायला आलेल्या प्रत्येकाला विचारायचं, फक्त खूष दिसणाऱ्याला नाही. बदल्यात सूट द्यायची नाही. दोन्ही गोष्टी गूगलच्या नियमात बसत नाहीत.

एक रिव्ह्यू होता, एका ताऱ्याचा: "चष्मा आठ दिवस उशिरा मिळाला." मामाला तो काढून हवा होता.

"खोटं आहे का?" मी विचारलं.

"खोटं नाही रे. काच मुंबईहून आलीच नव्हती."

"मग तेच लिही."

बराच वेळ खाडाखोड करून मामाने लिहिलं: "उशीर झाला, चूक आमची. फ्रेम सैल वाटली तर कधीही या, बसवून देऊ." सव्वीस वर्षं तो हेच काउंटरवर बोलतो. लिहिलं पहिल्यांदाच.

साखळीचे चारशे कधी गाठणार, माहीत नाही. कदाचित नाहीच. निघताना मी माझा आणि बायकोचा रिव्ह्यू काढून टाकला. मामाचे आता सात आहेत, पण सातही खरे.

असो. तुमच्या गल्लीत असा एखादा मामा असेल तर या आठवड्यात दोन ओळी लिहा. जे घडलं तेवढंच.