थ्रीडी प्रिंटरवर बनवलेली दाताची कॅप: पृष्ठभाग गुळगुळीत का हवा?

रूट कॅनालनंतर किंवा दात तुटल्यावर त्यावर कॅप, म्हणजेच क्राउन बसवतात. अलीकडे तात्पुरत्या आणि काही कायमच्या कॅप रेझिनपासून थ्रीडी प्रिंटरवर तयार होतात. मात्र प्रिंटरमधून निघालेली कॅप लगेच तोंडात बसवण्याजोगी नसते. ती किती गुळगुळीत होईल, हे प्रिंटिंगच्या वेळच्या आणि नंतरच्या काही निर्णयांवर अवलंबून असते.

खडबडीत कॅपमुळे काय होते?

खडबडीत पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, लवकर साचतो. कॅपची कड हिरडीला लागून असल्यामुळे हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येते आणि कॅपच्या कडेखालचा दात किडू शकतो. चहा-हळदीचे डागही लवकर चढतात. सरासरी खडबडीतपणा साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा जास्त असेल तर प्लाक वाढतो, असे मानले जाते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

प्रिंटिंगमधील महत्त्वाचे निर्णय

थराची जाडी: द्रव रेझिनवर प्रकाश टाकून कॅप एकावर एक थर देत घडवली जाते. थर बहुधा २५ ते १०० मायक्रॉनचे असतात. १ सेंटिमीटर उंचीच्या कॅपला १०० मायक्रॉनचे १०० थर लागतात, तर २५ मायक्रॉनचे ४००. थर पातळ असले की पायऱ्या बारीक होतात, पण वेळ जास्त लागतो.

ठेवण्याचा कोन: सरळ उभ्या बाजूवर पायऱ्या फारशा दिसत नाहीत, तिरक्या आणि गोलसर भागावर त्या ठळक होतात. दात सगळीकडून गोलाकार असल्याने पायऱ्या पूर्ण टाळता येत नाहीत. त्यामुळे त्या पॉलिश करता येईल अशा जागी याव्यात, असा कोन निवडतात.

आधाराच्या काड्या: प्रिंट होताना कॅपला आधार देणाऱ्या काड्या नंतर तोडल्या की बारीक टेंगळे उरतात. ती बाहेरच्या भागावर असतील तर घासून काढता येतात. आतल्या बाजूला किंवा कडेवर राहिली तर कॅप नीट बसत नाही.

धुणे आणि पक्के करणे: कॅपवर राहिलेले द्रव रेझिन बहुतेक वेळा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतात. धुणे अपुरे झाले तर पृष्ठभाग चिकट राहतो, फार वेळ झाले तर त्याचे नुकसान होऊ शकते. त्यानंतर कॅप प्रकाशपेटीत ठेवून पूर्ण पक्की करतात. ही पायरी अर्धवट राहिली तर कॅप मऊ राहते, लवकर झिजते आणि उरलेल्या रसायनामुळे काहींना हिरडीची जळजळ किंवा अॅलर्जी होऊ शकते.

शेवटचे पॉलिश

थर कितीही पातळ ठेवले तरी पॉलिश किंवा ग्लेझ लागतेच. चावा जुळवण्यासाठी डॉक्टरांनी कॅप घासली, तर तेवढा भाग पुन्हा खडबडीत होतो. म्हणून घासल्यावर पुन्हा पॉलिश करणे गरजेचे असते.

तुम्ही काय करावे?

- कॅप बसवल्यावर जीभ फिरवून पाहा. खरखरीत लागले तर तिथेच सांगा.
- कॅप तात्पुरती आहे की कायमची आणि ती किती काळ ठेवायची, हे विचारून घ्या.
- मऊ ब्रश वापरा. मिशरी, कोळशाची पूड किंवा खरखरीत दंतमंजन टाळा. त्याने पॉलिश निघून जाते.
- दोन दातांमधली जागा फ्लॉसने साफ करा. फ्लॉस कॅपच्या कडेला अडकून तुटत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

दंतवैद्यांकडे कधी जावे?

कॅपभोवतीची हिरडी लाल होणे, रक्त येणे, दुर्गंधी, चावताना दुखणे किंवा कॅप हलणे, यांपैकी काहीही जाणवले तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. नुसता खरखरीतपणा असेल तर बहुधा पॉलिशने काम भागते. कड बसली नसेल तर मात्र कॅप नव्याने करावी लागू शकते.